तुमच्याकडे पाइप फुटलाय का?

बंद करा साहेब, इंजिन बंद करा, उगाच डिझेल जाळू नका, ही रांग एवढ्यात हलायची नाय. हॉर्न वाजवून काय होतं? पुढं नदीवरचा जुना पूल आहे ना, त्याची एक बाजू उकरून ठेवलीय. राहिलेल्या बाजूनं एकदा गुजरातला जाणारे सोडतात, एकदा मुंबईला जाणारे — म्हणजे तुमी — आणि आत्ता पाळी त्यांची आहे. झेंडीवाला चहाला गेला की दोन्हीकडचे उभे. मग एकमेकांना शिव्या देतात, हे हिंदीत, ते गुजरातीत, आणि पूल बिचारा ऐकून घेतो. या, सावलीत या. त्या क्रेटवर नको, त्याची फळी मोडलीय, या डब्यावर बसा. ताडगोळे सोलू? चिकू पण आहेत, पण चिकू तुमाला मुंबईत दारात मिळतात, ताडगोळा झाडाखालीच खावा. सोलते. कोयत्याकडे बघू नका, मला बोलता बोलता सोलायची सवय आहे, आजवर एक बोट नाय गेलं. — गाडीचा नंबर बघितला मी मघाशीच. सत्तेचाळीस. म्हणजे बोरिवली, कांदिवली, तिकडंच ना? कांदिवली? बघा. आश्रमशाळेत सातवीपर्यंतच गेले, पण नंबरप्लेटीत माझं बी.ए. झालंय. मग एक सांगा साहेब, रागावू नका हां — तुमच्याकडे पाइप फुटलाय का?

नाय हो, गाडीचा नाय. पाण्याचा. रस्त्याखालचा मोठा असतो ना, माणूस वाकून आत चालंल एवढा, तो. तुमच्या कांदिवलीत, नायतर जवळपास, मालाडला, गोरेगावला. या आठवड्यात. — नीट आठवा. सकाळी पाणी आलं होतं? जोरात आलं? तुमच्या बायकोला माहीत असंल, पुरुषांना पाण्याचं काय कळतं, नळ सोडला की येतं एवढंच. — नको नको, फोन नका करू तिला, राहू दे. हसताय. हसा, सगळेच हसतात. मुंबईची गाडी या झाडाखाली थांबली की मी आधी हे विचारते, मग भाव सांगते. आमच्या पाड्यातला चिमण, जीप चालवतो कासा ते तलासरी, तो म्हणतो, बायजी, तू ताडगोळे विकतेस का पाणीखात्यात लागलीस? पण विचारायला काय जातं. आणि खोटं नाय सांगत, आजवर कोणी नाय म्हटलं नव्हतं. दादरच्या एक बाई होत्या, पांढरे केस, त्या म्हणाल्या, फुटलाय ना, गल्लीची नदी झालीय, आमी वरून बघतो आणि घरात प्यायला थेंब नाय. अंधेरीचा एक म्हणाला, फुटला नाय, गळतोय, फुटला असता तर कोणीतरी आलं तरी असतं. एक टेम्पोवाला म्हणाला, मावशी, पाइप सोड, अख्खा रस्ता आत गेला, रिक्षासकट. मला बरं वाटायचं. लोकांचं पाणी गेलं आणि मला बरं वाटायचं, आता काय म्हणाल ते म्हणा. नाय म्हणणारे तुमी पहिले. — नवी लाइन टाकली? सगळी? आणि उद्घाटन पण झालं? फुलांच्या माळा लावून, बॅनर लावून? असं. म्हणजे आता तुमच्याकडे तसं काय काम राहिलं नाय. — काय नाय, असंच विचारते. घ्या, हा घ्या, साल हातानं निघंल. आतलं पाणी सांडू नका, शर्टाला डाग पडतो, तो जात नाय.

पोरगा आहे माझा तिकडं. हेच काम करतो, पाइपाचं. सुक्या नाव. शुक्रवारी झाला म्हणून सुक्या, आमच्यात वारावरून ठेवतात. तिकडं दिपक झालाय. सुक्या म्हटलं की सुका बोंबील म्हणून हसायचे, जेवायला बसला की ताटाकडे बघून हसायचे, तर त्यानं नाव बदललं. मी म्हटलं, दिपक तर दिपक, उजेड पडला म्हणजे झालं. आधी खड्डे खणायचा, आता मुकादम आहे, हाताखाली माणसं आहेत, कंत्राटदार त्याच्या अंगावर काम टाकून झोपायला जातो म्हणे. होळीला आला होता — मागच्या नाय, त्याच्या मागच्या — तेव्हा चुलीपुढं बसून राखेत बोटानं काढून दाखवलं आमाला. हा रस्ता, म्हणाला, हा नवा. रस्त्यावर पूल, तो नवा. पुलाच्या वर मेट्रो, ती त्याहून नवी. बाजूला बिल्डिंगी, वर बघितलं तर टोपी पडंल एवढ्या. आणि या सगळ्याच्या खाली पाइप, तो इंग्रजाच्या वेळचा. त्याच्या बाजूला गटार, ते पण त्याच वेळचं. वर एवढी माणसं वाढली आणि खाली पाइप तोच. मी म्हटलं, म्हणजे आपल्या पाटलाच्या घरासारखं, चार सुना आल्या, नातवंडं आली, पाव्हणे आले, आणि भाकरी थापायला म्हातारी एकटीच. तर हसला. म्हणाला, आई, म्हातारी बसली की सगळं घर उपाशी, मुंबईत तसंच आहे, म्हणून आमाला सुट्टी नसते. एका जागी बुजवलं की दुसऱ्या जागी फुटतं. जोर कुठंतरी निघायचाच. बाहेरून चांगला दिसतो, म्हणाला, हात लावला की पापुद्रा येतो हातात. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो तो. घाण पाण्यात. मला बघवलं नसतं.

तुमी म्हणाल, मुंबईचं आमाला काय. अहो, मुंबई आमच्या अंगावरूनच जाते. तो डोंगर दिसतो? तो नाय, त्याच्या अलीकडचा, अर्धा चावलेला. तो आमचा डोंगर. त्याची खडी झाली आणि डंपरमधून तुमच्याकडे गेली, तुमच्या मेट्रोच्या पायात असंल, नायतर कांदिवलीच्या पुलात असंल. परवा कोणीतरी म्हणालं, मुंबईत जुने पूल पाडतात आणि नवे बांधतात. मी म्हटलं, मग पाडलेले तरी परत द्या, डोंगर बुजवू. माझा माणूस, लहान्या, त्या क्रशरवर होता पहिल्यापासून. तोंडाला फडकं बांधायचा, पण फडक्यातून पावडर जातेच. आता छातीत बसलीय. बोलायला लागला की आधी शिट्टी येते, मग शब्द. आणि धरणाचं पाणी? पाड्याच्या अंगावरून पाइप गेलाय शहराकडे, मोठा, निळा रंग दिलेला, त्याला कान लावला की पाणी पळताना ऐकू येतं. मे महिन्यात आमच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात ना, त्या त्याच पाइपावर बसतात. थंड लागतो म्हणून. पेपरवाले फोटो काढून गेले, छापला पण होता. पाणीखात्याचे साहेब आले, त्यांनी बघितलं आणि सांगितलं, पाइपावर बसू नका. — तुमच्यावर नाय हो बोलत मी. तुमी नळ सोडता, तुमाला काय माहीत ते कुठून येतं. पण सुक्या म्हणाला ना, आई, इथून जेवढं निघतं त्यातलं किती तिकडं पोचायच्या आधीच मातीत जातं, तेव्हा लहान्या उठून बाहेर गेला. आमच्या हंड्यात नाय आणि तुमच्या नळात पण नाय, मातीत. माझ्याच पोराचं काम ते भोक बुजवायचं. मग मी त्याला ये कसं म्हणू? आणि तरी म्हटलं.

म्हटलं कारण बुधवारी लगीन आहे. — नाय, त्याचं नाय. माझं. अहो हळू, हळू, ताडगोळा घशात जाईल. पाणी प्या. माझंच लगीन, लहान्याशी, त्याच माणसाशी, दुसरा कोण बघू या वयात? आमच्यात असं असतं. पोरगी-पोरगा राहायला लागतात, घर होतं, पोरं होतात, लगीन मागाहून, जमंल तेव्हा. जमत नाय लवकर. मांडव, जेवण, ताडी, नातेवाईक सगळे — एक पावसाळा गेला, दुसरा गेला, राहून गेलं. कोणी काय म्हणत नाय, पाड्यात निम्मे तसेच. पण एक आहे. आईबापाचं लगीन लागल्याशिवाय पोराचं लागत नाय. धवलेरी — ती लगीन लावते आमच्यात, बाईच असते, गाणी म्हणून लावते — ती भिंतीवरच्या लग्नाच्या चौकाला हातच लावत नाय. आमची भिकी धवलेरी तर तोंडावर सांगते, आधी तुझं, मग त्याचं, देवाला उलटं चालत नाय. म्हणून मी घाई केली. सुक्याचं वय झालं आणि लहान्याची शिट्टी वाढली. दोन्ही एकदम. भिंत सारवून झालीय, तांदळाचं पीठ तयार आहे, सोमवारी बायका चौक लिहायला येणार. आमी काढतो नाय म्हणत, लिहितो म्हणतो. आणि बुधवारी मांडवात नवरा-नवरीला खांद्यावर घेऊन नाचवतात. नवरीला कोण पण घेतं, माझे भाचे आहेत, ते म्हणतात मावशी तू जड आहेस, तिघं लागू. नवऱ्याला घरचाच घेतो. जवान नवरा असला की त्याचा मामा असतो, काका असतो. लहान्याचं कोण राहिलंय? पोरगाच. रोज संध्याकाळी मी घरी गेले की विचारतो, सुक्या निघाला का? मी म्हणते पाइप फुटलाय. तो म्हणतो, मग बुजवून येईल. आता हलका झालाय तो. पूर्वी क्रशरवर दगड उचलायचा तेव्हाची गोष्ट वेगळी. आता त्याला कोणी पण उचलंल. पण कोणी पण नको म्हणतो ना.

चूक माझी झाली असं चिमण म्हणतो. मी म्हणत नाय. झालं काय — तारीख ठरली त्या दिवशी मी इथूनच फोन लावला, याच झाडाखालून. आता हायवेवर बसणाऱ्या माणसाला हळू बोलता येतं का? ट्रक जातो तेव्हा ओरडायचं आणि ट्रक नसला तरी सवयीनं ओरडायचं. मी ओरडले, सुक्या, माझं आणि तुझ्या बापाचं लगीन ठरलंय, बुधवारी, खांदा द्यायला ये! मला काय माहीत तो कुठं बसलाय. तर तो बसला होता पोरीच्या घरी. हो, पोरगी आहे, विरारची, मला तेव्हाच कळलं. तिचे आईबाप, तिची आत्या, सगळे बसलेले, आणि याचा फोन तो असा, स्पीकरवरच असतो, कामावर पाण्यात हात असतात म्हणून. सगळ्यांनी ऐकलं. आधी वाटलं त्यांना म्हातारी काय मस्करी करते. मग कोणीतरी विचारलं म्हणे, खांदा? कोण गेलं? आणि मग कळलं, कोण गेलं नाय, आईबापाचंच लगीन आहे. पोरगा एवढा मोठा समोर बसलाय चहा पीत आणि आईबापाचं लगीन बुधवारी. फोन तुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं केला आणि काय काय बोलला. ते नाय सांगत तुमाला. एवढंच की म्हणाला, आई, त्यांना आता मी कोणाचा म्हणून सांगू? मी म्हटलं, कोणाचा म्हणजे? बापाचा. तुझा बाप तिथं खाटेवर बसलाय, शिट्टी वाजवतोय, नाक तुझंच आहे. कोणी दिलं तुला ते नाक, पाव्हण्यानं? एका तव्यावरची भाकरी खाल्ली आमी जन्मभर, माझ्या अंगावर हात नाय टाकला त्या माणसानं कधी, ताडी पिऊन आला तरी ओट्यावर झोपला. कागदाचं लगीन असलेल्यांचं सांगू का, या हायवेवर बसून मला काय काय दिसतं ते? मी हे सगळं त्याला ओरडूनच बोलले असेन. बोललेच. मग मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत, चिमणनं वाचून दाखवला. ‘पाइप फुटलाय, बुधवारी येता येणार नाही.’ तेव्हापासून माझा नंबर उचलत नाय. चिमणचा पण नाय. इकडचा कुठला ओळखीचा नंबर दिसला की वाजू देतो.

तर मी म्हटलं, खरं असंल. फुटतोच ना? मी दादरच्या बाईंना विचारलं, फुटलेला. अंधेरीवाल्याला विचारलं, गळतोय. म्हणजे खोटं बोलत नाय पोरगा, मुंबईच तशी आहे, तो काय करणार. पण कांदिवलीचं काम त्याचंच होतं. त्यानंच सांगितलं होतं, कांदिवलीची लाइन आहे आमच्याकडे, ती संपेपर्यंत हलता येत नाय. आणि तुमी म्हणता संपली. हार घातले. — तुमी बरोबर बघितलंत ना? दुसऱ्या कुठल्या लाइनचं असंल. नाय? हं.

एक काम कराल का साहेब? नाय म्हणालात तरी चालंल, ताडगोळे खा आणि जा. तुमचा नंबर त्याच्या ओळखीचा नाय, तो उचलंल. अनोळखी नंबर तो उचलतोच, सोसायटीची कामं येतात ना त्याला बाहेरची, लोक घाबरून फोन करतात, घरात पाणी आलं, जिन्यात पाणी आलं. तुमी म्हणायचं, कांदिवलीहून बोलतोय, आमच्याकडे पाइप फुटलाय. एवढंच. तो काय बोलतो ते ऐकायचं. म्हणाला ना की साहेब मी आत्ता दुसऱ्या कामावर आहे, मालाडला, गोरेगावला, कुठं पण, पाण्यात उभा आहे — तर मग झालं. मग मी लहान्याला बिनघोर सांगीन. — खोटं बोलायला लाज वाटते? अहो, एवढी मोठी गाडी चालवता, कधी बोलला नसाल का? बरं, राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. — करता? हा घ्या नंबर, माझ्या फोनवर दिसतो बघा, वरचाच. दिपकभाऊ म्हणा हां, सुक्या म्हणू नका.

वाजतोय? स्पीकरवर टाका. थांबा, तो ट्रक जाऊ दे — तेवढ्यात उचलंल तो — हां. बोला. बोला ना तुमी, मी तोंडावर पदर धरलाय, माझा आवाज नाय जायचा —

…

लागलाय का अजून? बंद झाला? बघा नीट, ते लाल दिसतंय तिथं. हां. गेला.

चांगलं बोललात तुमी. घाबरल्यासारखं बोललात, खरं वाटलं. पाणी जिन्यात आलंय म्हणालात ते छान केलंत, ते मी सांगितलं नव्हतं. — आवाज त्याचाच. मागं वाजत काय होतं, डीजे का? आणि बायका हसत होत्या. तुमाला ‘सर’ म्हणाला, ऐकलंत? किती शांत बोलतो. मला वाटायचं तो पण माझ्यासारखा ओरडत असंल. मेन कॉक कुठं आहे ते विचारलं, तो बंद करा म्हणाला, मीटरच्या खोलीत पाणी गेलं नाय ना बघा म्हणाला, लहान मुलांना खाली सोडू नका म्हणाला. आणि मग म्हणाला, ‘सर, आज माझी हळद आहे, उद्या लग्न आहे, नाहीतर मी स्वतः आलो असतो. पण तुम्ही काळजी करू नका, मी माणूस पाठवतो.’

पत्ता विचारला ना त्यानं. तुमी सांगितला नाय. बरं केलंत. नायतर तो माणूस येऊन शोधत बसला असता. हळदीच्या अंगानं, डीजे चालू असताना, परक्याच्या जिन्यात पाणी आलं म्हणून माणूस पाठवतो. असा आहे तो. मी सांगत होते ना तुमाला, वाईट नाय तो.

नाय, परत लावू नका. काय सांगणार? तुझी आई इथं बसलीय झाडाखाली? हळद लागलीय त्याला. एकदा हळद लागली की शीव ओलांडायची नसते, तुमच्यात पण असंलच, वारं लागतं, बाहेरचं काय काय असतं. लगीन लागल्यावर पण पाच दिवस कुठं जायचं नसतं. म्हणजे बुधवारी तो नाय येऊ शकत. ते बरोबरच आहे. त्यानं यायचं म्हटलं असतं तरी मीच नको म्हटलं असतं. — हळद कोणी लावली असंल? आधी आई लावते. तिकडच्या कोणीतरी लावली असंल, त्या आत्यानं. नायतर दुकानातून बाई बोलावतात आता, नाय? फोटोवाली.

भिकीला नाय सांगायचं. धवलेरीला कळलं की पोराचं आधी लागलं, आईबापाचं मागं राहिलं, तर ती मांडवात पाय टाकायची नाय. देवाला उलटं चालत नाय. उद्या त्याचं लागतंय, परवा रविवार, मग बायका चौक लिहायला येतील, मला त्यांच्यापुढं हसावं लागंल, लाजावं पण लागंल, नवरी आहे मी. तुमी कोणाला सांगू नका. — तुमी कोणाला सांगणार म्हणा.

भाऊ, तुमी बुधवारी काय करता? कामाचा वार आहे, हो, मी आपलं विचारलं. कांदिवलीहून सकाळी निघालात तर जेवणाच्या आत याल. पाडा सापडतो, निळ्या पाइपाच्या कडेकडेनं आलं की आमचंच घर, सारवलेलं. तुमचे खांदे चांगले आहेत. लहान्याचं वजन काय नाय, हा तुमाला भरून दिलेला ताडगोळ्याचा डबा जड असंल. तो डोळ्यानं पण अधू झालाय आता, मांडवात गर्दी, ढोल, धूर, खाली कोण आहे ते त्याला कुठं — नाय. नाय, हात लावला की ओळखंल तो. पोराचा खांदा ओळखतो माणूस. मी काय बोलते ते मनावर घेऊ नका, ऊन लागलं की मी काय पण बोलते.

बघा, झेंडी फिरली. तुमची बाजू सोडली, पुढचे हलले. डबा घ्या, आडवा ठेवू नका. — पैसे दिलेत तुमी मघाशीच. नाय, जास्तीचे नको, ठेवा ते आत. ठेवा म्हणते ना. आणि असं बघत उभे राहू नका माझ्याकडे, मागून हॉर्न वाजतायत, ऐकू येत नाय का? निघा. गाडी पुढं घ्या. तुमची उभी असली की मागचं गिऱ्हाईक थांबत नाय.